समुद्री जीव, मुक्काम औंढा

२८ डिसेंबर २००१, सकाळी ६
शाळेची सहल परतली. मुलांनी गुहागरहून शिंपले आणले, मी लोणच्याच्या बरणीत समुद्राची ओली वाळू. वाळूच्या कणांमधल्या फटीत कोळंबीच्या गोतातले सूक्ष्म जीव राहतात, असं जाताना मासिकात वाचलं होतं. औंढ्यात ते जगवणारा मी पहिला. नवी जात निघाली तर माझ्याच नावावरून नाव ठरलंय : रविंद्री. मी भूगोल शिकवतो, ही अडचण किरकोळ आहे.

२९ डिसेंबर
विज्ञानाच्या शीतल मॅडमकडून मायक्रोस्कोप आणला. मदत करू का म्हणाल्या. नको म्हटलं. उद्या शोधात वाटा मागतील.
तीन जीव दिसले. दोऱ्याच्या तुकड्याएवढे बारीक.

६ जानेवारी २००२
हालचाल नाही. थंडी आहे, आराम करत असावेत. बरणीतलं पाणी आटलंय.

७ जानेवारी
पल्लवी माहेरच्या सवयीने प्रत्येक घागर दुपदरी फडक्याने गाळते. गाळलेल्या पाण्यात कस राहत नाही, हे तिला तीन वेळा समजावलं. बरणीत गल्लीतल्या विहिरीचं पाणी थेट ओतलं. आठवड्यातून दोनदा ओतणार. मीठ घालणार नाही. परक्या जिवाला मराठवाड्याची सवय लागायला पाहिजे.

२ फेब्रुवारी
सवय लागली! वीस-पंचवीस झालेत, टुणटुण उड्या मारतात. अंगाने मात्र पार बदलले. गुटगुटीत, एकच डोळा, मागे दोन पिशव्या. मासिकातल्या चित्राशी काहीही जुळत नाही. म्हणजे नवी जातच.
हेडमास्तरांना सांगितलं. विज्ञान दिनाचा मुख्य वक्ता मी.

२८ फेब्रुवारी, दुपारी ३
भाषण चाळीस मिनिटं. फळ्यावर चित्र, खाली मोठ्या अक्षरात ‘रविंद्री’. मायक्रोस्कोपपुढे रांग. रांगेत सासरे पुंजाजीमामाही, मुद्दाम हट्ट्याहून आलेले. त्यांची सगळी नोकरी आरोग्य खात्यात, नारूच्या मोहिमेत विहिरी तपासण्यात गेली. त्यांना समुद्रातलं काय कळणार, म्हणून मी सावकाश समजावलं.
मामांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “जावईबापू, हे समुद्रातलं न्हाई. हे सायक्लॉप हाय, तुमच्या विहिरीतलं. याच्यामुळंच नारू व्हायचा. आता नारू गेला, भ्यायचं काम न्हाई. पर तुमी पाणी गाळून पेत न्हाई व्हय?”
पल्लवी पहिल्या रांगेत होती. माझ्याकडे बघून हसली. जरा जास्तच हसली.
शीतल मॅडमना बरणीतल्या विहिरीच्या पाण्याचं कळल्यापासून शंका होती म्हणे. काहून सांगितलं नाही, विचारलं. तुम्हीच नको म्हणालात, म्हणाल्या. वाईट वाटलं. खूप वाटलं. भजी खाल्ली.

१ मार्च
गल्लीतल्या एकूण एक बाईने घागरीवर फडकं बांधलं. माझ्या संशोधनाची ही सामाजिक बाजू. कोणी बोलत नाही, पण उपकार आहेतच.

५ मार्च
नववीच्या वर्गात शिरताना मागच्या बाकावरून कुजबुज : सायक्लॉप सर आले. दुर्लक्ष केलं. संध्याकाळी किराणा दुकानदारानेही तशीच हाक मारली, तीही प्रेमाने.
बारसं त्याचं करायला निघालो होतो. झालं माझं.