पहिल्या पंगतीचा पाहुणा

॥ श्री ॥
पॅरिस, ५ जून २०२५

ती. अक्कास,
कारभारीचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनला रजा दिली तेव्हापासून निदान माझं अक्षर तरी सुधारलं. कागद लिहायचा, फोटो काढायचा आणि तुझ्या मोबाईलवर सोडायचा, एवढं मला आता जमतं. इथे हॉटेलात टेबलाच्या खणात कोरे कागद ठेवलेले असतात, वर हॉटेलचं नाव सोनेरी अक्षरांत. इतका भारी कागद मी आजवर फक्त लग्नपत्रिकेचा पाहिला होता.

प्रवास सुखाचा झाला, जरा जास्तच सुखाचा. विमानात खुर्चीचा पलंग होतो. एका बाईंनी बटण दाबून मला आडवं केलं आणि वर पांघरूण घातलं. पासष्ट वर्षांच्या माणसाला असं कुणी निजवतं का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण झोप मात्र गाढ लागली. उतरलो तर माझ्या नावाची पाटी धरून गाडीवाला उभा. खोलीतलं न्हाणीघर आपल्या मिरजगावच्या ओसरीएवढं आहे आणि त्यात मी एकटा. लग्नसराई उरकून कढया पालथ्या घातल्या तेव्हा मी आठ दिवस नुसता लोळणार होतो. तेच करतोय, पण पोराच्या, समर्थच्या खर्चाने.

त्याचा हट्ट असा, की आधी मी पॅरिसचं एक नावाजलेलं रेस्टॉरंट पाहावं, म्हणजे त्याचं काम काय असतं ते मला कळेल. मग शनिवारी कोपनहेगनला, तो आचारी आहे त्या रेस्टॉरंटात जेवायचं. इथे काष्टीचा हर्षल आहे, समर्थबरोबर शिकलेला. तोच मला घेऊन गेला.

अक्का, अकरा पदार्थ. ताटली परातीएवढी आणि मधोमध घास दीड घास. मी हसणारच होतो, पण वाढप बघून गप्प झालो. चाळीस माणसं जेवत होती आणि भांड्याचा आवाज नाही. टेबलावर सहा जण असतील तर सहाही ताटल्या एकाच वेळी टेकतात. आमचा वाल्मिक भाताचं घमेलं आरडाओरडा केल्याशिवाय उचलत नाही. माशावरचं आंबूस पातळ असं जमलं होतं, की मी पावाने ताटली पुसून घेतली. तिसऱ्या पदार्थात मीठ कमी होतं. तसं म्हणालो तर हर्षल म्हणाला, काका, हितं असं बोलायचं नसतं. अकराच्या अकरा मी चाटूनपुसून खाल्ले.

शनिवारची मात्र धास्ती वाटते. पोराच्या हातचं मी चौदा वर्षांत जेवलेलो नाही.

तब्येत सांभाळ. माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा,
कारभारी

॥ श्री ॥
सावेडी, ६ जून २०२५

चि. कारभारीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुला बटण दाबून निजवल्याचं वाचून मी एवढी हसले, की खालच्या मजल्यावरची निकिता धावत वर आली. तिला वाटलं मला ठसका लागला. तिलाही वाचून दाखवलं. तू विमानाचा झोपायचा पायजमा घरी आणणार असशील तर दोन आण, एक मला दळणाला जाताना घालायला होईल.

आता मोठ्या बहिणीच्या अधिकाराने दोन शब्द. तू आचारी म्हणून सगळ्या कर्जत तालुक्यात नाव काढलंस, पण बाप म्हणून तुझं तोंड शिवलेलं आहे. समर्थ सोळा वर्षांचा होता, काष्टीच्या लग्नात पाचशे माणसांची वांग्याची भाजी त्याने एकट्याने केली होती. माणसं मागून मागून घेत होती. पोरगं तुझ्या तोंडाकडे बघत उभं होतं आणि तू काय बोललास, तर वांगं जास्त शिजलंय. पुढे तो शिकायला माझ्याकडे राहिला तेव्हा हे वाक्य त्याने मला तीनदा ऐकवलं. हॉटेलच्या कोर्सला तूच त्याला घातलंस, वावर गहाण न टाकता उन्हाळाभर राबून घातलंस, हे त्याला ठाऊक आहे. पण त्याचा कान कशासाठी आसुसलाय ते तुला अजून उमगलेलं नाही. माझे कान गेले तरी मला ते ऐकू येतं.

म्हणून सांगते, शनिवारी जेव आणि एक बरा शब्द बोल. मिठाचं मला येऊन सांग.

वेळच्या वेळी गोळ्या घेत जा.
तुझी अक्का

कोपनहेगन, ७ जून २०२५

ती. आत्यास,
समर्थचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्यापुरतंच ठेव. अण्णांना यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस.

आज ते आले. दुपारच्या वेळेला, खिडकीजवळचं सगळ्यांत चांगलं टेबल मी त्यांच्यासाठी दोन महिने आधी राखून ठेवलं होतं. आमचं स्वयंपाकघर काचेमागे आहे, तिथून मला ते नीट दिसत होते. पांढरा सदरा, टोपी, दोन्ही हात मांडीवर. चौदा पदार्थांचं जेवण होतं. त्यातले चार मी फक्त त्यांच्यासाठी बसवले, हिवाळाभर रोज करून बघितले.

आत्या, त्यांनी हात लावला नाही. पहिली ताटली तशीच परत आली. दुसरी, तिसरीही. एक पदार्थ मिनिटभरात खायचा असतो, नाहीतर विरघळतो. तो त्यांच्यासमोर विरघळून पाणी झाला आणि ते बघत बसले. वाढणारीने विचारलं तर हाताने खूण केली, होईल सावकाश. सातव्या ताटलीनंतर मी काचेकडे पाठ केली आणि उरलेलं काम तसंच उरकलं. बाहेर गेलो नाही. काय विचारणार होतो? पॅरिसला त्यांनी ताटली पावाने पुसून घेतली, हर्षलने फोटो पाठवलाय मला. म्हणजे असलं जेवण त्यांना चालतं, फक्त माझ्या हातचं चालत नाही.

मी पुढच्या वर्षी स्वतःचं रेस्टॉरंट काढतोय. त्यांना विचारून काढणार होतो, चार दिवसांत कधीतरी, दोघेच असताना. आता नाही विचारणार. उद्या-परवा आम्ही बंद असतो. मंगळवारी फक्त काम आहे, बुधवारी त्यांचं विमान. गाडी पाठवून त्यांना नीट पोचतं करीन, पलंगाच्या खुर्चीत बसवीन आणि हा विषय आयुष्यातून काढून टाकीन.

तुझा हात डोक्यावर असू दे.
समर्थ

॥ श्री ॥
कोपनहेगन, ७ जून २०२५

ती. अक्कास,
कारभारीचा सा. न. वि. वि.

मनातलं तुलाच लिहितो. समर्थला सांगू नको, तो आता मोठा माणूस झालाय.

आज त्याच्याकडे गेलो. काचेतून त्याला बघितलं. पांढरे कपडे, कमरेला फडकं, हाताखाली आठ-नऊ माणसं आणि तोंडातून आवाज नाही. नुसतं बोट दाखवायचा आणि माणूस हलायचा. अक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईने मला रुमाल दिला, एवढी शोभा झाली.

पण त्याने मला पाहुण्यांत बसवलं. पहिल्या पंगतीला! तू सांग, आपल्या घरचं कार्य, पोरगं चुलीपुढे उभं, सकाळपासून त्याच्या पोटात कण नाही, आणि बापाने आधी जेवायचं? पॅरिसला मी पाहुणा होतो, तिथे ताव मारला. इथे हात पुढे होईना. समोर एकेक ताटली येऊन थांबायची आणि मला वाटायचं, हे आलेल्या माणसांचं आहे. मी म्हटलं, थांबू. पाहुणे उठले, की पोरगं हाक मारील, अण्णा, चला आपली पंगत बसली. तसा थांबलो. चार वाजले, सगळी टेबलं रिकामी झाली. हाक आली नाही. गाडी आली. गाडीवाल्याने दार उघडून धरलं आणि मला हॉटेलात आणून सोडलं.

त्याला माझी लाज वाटत असेल. आत त्याच्या माणसांत टोपीवाला बाप कुठे बसवायचा, असं वाटलं असेल. वाटू दे. खोलीत फळांची टोपली होती, त्यातली दोन केळी खाल्ली. जगातल्या एवढ्या मोठ्या ठिकाणी जाऊन केळ्यावर दिवस काढणारा मीच पहिला असेन.

बुधवारी निघतो. तुझा पायजमा लक्षात आहे.
माझी आठवण काढत राहा.
कारभारी

॥ श्री ॥
सावेडी, ८ जून २०२५

चि. समर्थ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही, दाखवणारही नाही. दुसऱ्या कुणी मला काही लिहिलं असेल तर तेही तुला सांगणार नाही. शाळेत पस्तीस वर्षं पोरांच्या चहाड्या ऐकल्या, एकही इकडची तिकडे केली नाही, आता म्हातारपणी नाव घालवायचं नाही.

एक जुनी गोष्ट मात्र सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या रेश्माचं लग्न तुला आठवतं का? तू नऊ वर्षांचा होतास. कारभारी मुलीचा मामा, त्याचा मान पहिल्या पंगतीचा. पण स्वयंपाकही त्याचाच होता. व्याही स्वतः त्याला उठवायला गेले, हात धरला, तरी गडी बसेना. म्हणाला, पाव्हणं, घरचं कार्य हाय, आमी मागून बसतो. मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते तेव्हा तो जेवायला बसला, वाढप्यांबरोबर, पालथ्या डब्यावर. मी रागावले तर म्हणाला, आपल्या घरात पैल्या पंगतीला बसणारा मानूस एकतर पाव्हणा, नाहीतर निर्लज्ज. आणि हाच तुझा बाप दुसऱ्याच्या लग्नाला गेला, की सगळ्यांच्या आधी पाटावर असतो.

तर माझा तुला एवढाच प्रश्न आहे. शनिवारी त्याला पहिल्या पंगतीला कुणी बसवलं? आणि तुम्ही चुलीवरची माणसं जेवता कधी, कुठे बसून? मला परदेशातलं काही कळत नाही. ते घर त्याचं आहे की परक्याचं, हे त्याला तूच सांगू शकतोस. मंगळवार अजून हातात आहे.

स्वतः वेळेवर जेवत जा. शिकत असताना जेवायचास तसं उभ्याने नको.
तुझी आत्या

कोपनहेगन, १० जून २०२५

ती. आत्यास,
समर्थचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी रविवारीच वाचलं आणि दोन दिवस त्यांच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. त्यांना शहर दाखवायला मित्राला पाठवलं. आज सकाळी स्वतः हॉटेलवर गेलो. माफी वगैरे मागायला तोंड उघडलं, पण निघालं एवढंच, की अण्णा, आज दोन माणसं कमी आहेत, हाताखाली येता का. ते उठलेच. टोपी खिशात घातली आणि माझ्या आधी दाराबाहेर.

मागच्या दाराने आत नेलं. हात धुतले, कमरेला फडकं बांधलं, कोपऱ्यात उभे राहिले. पहिला अर्धा तास नुसते बघत होते. मग न सांगता ताटल्यांच्या कडा पुसायला लागले. आमची सगळ्यांत कडक मुलगी आहे, ताटली बाहेर जाण्याआधी तीच तपासते. तिने एकही परत पाठवली नाही. भाषा येत नसून दोघांचं कसं जमलं, देव जाणे.

चार वाजता शेवटचा पाहुणा गेला. मी चौदाही पदार्थ पुन्हा केले, माणशी मोजून एकेक. भाजीच्या क्रेट पालथ्या घालून सगळे बसलो, भांडी घासणारे दोघेसुद्धा. मी हाक मारली, अण्णा, चला, आपली पंगत बसली. आत्या, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पटकन मिठाचा डबा शोधायला वळलो. सगळ्यांना वाढलंय ना, ते त्यांनी एकदा मान फिरवून पाहिलं आणि मगच हात घातला.

एकेक करून सगळं खाल्लं. सातवा पदार्थ वांग्याचा, वाळल्या गवताच्या धुरात भाजलेलं वांगं. ते त्यांनी आधी बोटाने दाबून पाहिलं. मी सोळा वर्षांचा होतो तसा उभा. त्यांनी खाल्लं, ताटली बोटाने पुसली आणि म्हणाले, वांगं अजून हाय का?

सहा वर्षांत आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा मागितलेलं नाही. तशी रीतच नाही, सगळं मोजून असतं. उरलं नव्हतं. मग मी माझी ताटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी त्यातलं अर्धं घेतलं आणि अर्धं मला परत केलं.

चांगलं झालंय असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. नव्या रेस्टॉरंटचं विचारलं. म्हणाले, काढ की, पण चुलीवरच्या माणसांना बसायला नीट जागा ठेव, क्रेट टोचते. उद्या त्यांचं विमान आहे. खाली थोडी जागा ठेवलीय, तुला दोन ओळी लिहायच्यात म्हणतात.

दिवाळीला येतोय. तोवर अशीच रागावत राहा.
समर्थ

ता. क. अक्का, वांगं बरोबर शिजलं होतं. समर्थला सांगू नको. ह्या कागदाचा फोटो तोच काढणार आहे, पण माझ्या ओळी वाचणार नाही म्हणालाय. — कारभारी