वखारीतला दुभाषी

सोम. ३ ऑगस्ट २००९, वॉलॉंगॉंग

तिसरं प्रकरण परत आलं. वखारीचं. रूथ (माझी गाइड, आठवड्यातून वीस मिनिटं) म्हणाली, "या दुभाष्यावर तू रागावलेला दिसतोस. पुरावा काय?"

पुरावा एवढाच. कोकणातल्या बंदरात टोपीकर उतरले. माल ठेवायला जागा मागितली. हवालदाराला त्यांची भाषा येईना, त्यांना त्याची. मध्ये हा उभा राहिला. जागा मिळाली. मग जागेला भिंत आली, भिंतीवर तोफा. कागदांत याचं नाव नाही, नुसता 'दुभाषी'. तोफांचं त्याला आधी ठाऊक होतं का, हे मला शोधायचंय. रूथला त्यात रस नाही. तिला मालाच्या याद्या हव्यात.

गुरु. ६ ऑगस्ट

सकाळी कराडहून फोन. "सर, केतकीचे वडील बोलतोय. हक्काने करतोय."

कोण केतकी, मला कळेना. मग उलगडलं. स्टेशनजवळचं ते कॉलेज परवा बंद झालं. दारावर कागद चिकटवलाय. एक वर्ष तिथे काढायचं आणि मग युनिव्हर्सिटीत थेट दुसऱ्या वर्षाला, असा करार होता. त्याचं मराठी माहितीपत्रक मी केलेलं, दोन वर्षांपूर्वी, इंटरनॅशनल ऑफिससाठी. शेवटी मनानेच एक ओळ घातली होती: मी इथेच शिकतो, काही लागलं तर हक्काने फोन करा. खाली नाव, नंबर. असं आपण लिहितोच. दोन वर्षांत एकाचाही फोन आला नव्हता.

"तुमची ओळ वाचली आणि म्हटलं, आपला माणूस आहे तिथे. मुलीला धाडायला हरकत नाही."

"बघतो मी," म्हणालो.

शुक्र. ७ ऑगस्ट

केतकी लायब्ररीत आली. एकोणीस वर्षांची. अंगात कुणाचं तरी मोठं जाकीट. आर्वोला, म्हणजे दुपारी, बेकरीत शिफ्ट असते, घाईत होती. बंद कॉलेजच्या मुलांना इंटरनॅशनल ऑफिसने एक फॉर्म दिलाय. दुसरं कॉलेज देणार, सिडनीत. सही करून सोमवारपर्यंत द्यायचा.

"दादा, वाचता का? मला तिसऱ्या पानानंतर काही कळेना."

माझी ट्युटोरियल पाच मिनिटांवर. पहिलं पान वाचलं. ऑफिसचा शिक्का ओळखीचा, खालचं ऑफिसातल्या ज्युलीचं नाव ओळखीचं.

"कर सही. मी ओळखतो या लोकांना."

तिने माझ्याच पेनने केली.

सोम. १० ऑगस्ट

ज्युलीने बोलावलं. पालकांना पत्र जायचंय, हिंदी, पंजाबी, गुजराती, मराठी. मराठी मी करायचं. फॉर्म थोडेच आले म्हणून मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवलीये; सोबत त्या फॉर्मचंही भाषांतर, म्हणजे पालक मुलांच्या मागे लागतील.

"आणि शेवटी तुझी ती ओळ घाल हं. लोकांना आवडते."

घरी येऊन फॉर्म पहिल्यांदा पूर्ण वाचला. पान चार. जो सही करील तो युनिव्हर्सिटीतल्या जागेवरचा हक्क सोडतो. कायमचा. सही न करणाऱ्याचं काय, ते कुठेच नाही. म्हणजे जागा अजून देणं लागतात. म्हणूनच फॉर्म.

मला वाचता येतं. बारा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. मेलेल्या माणसांचे कागद भिंग लावून वाचतो, आणि जिवंत मुलीचं चौथं पान

मंगळ. ११ ऑगस्ट

ज्युलीकडे. केतकीचा फॉर्म परत द्या म्हणालो, मी तिला चुकीचं सांगितलं.

"ती सज्ञान आहे. तिने वाचून सही केली असणार."

"नाही वाचली. माझ्यावर विश्वास ठेवला."

"मग ते तुमच्या दोघांतलं." हसून म्हणाली. वाईट बाई नाही. मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवते. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुझ्या स्कॉलरशिपची मुदतवाढ पुढच्या बुधवारी आहे ना? आमच्याकडूनच जाते ती. नो वरीज."

धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं. त्यांना धमकी द्यावीच लागत नाही.

केतकीला फोन केला. पान चार सांगितलं. मागे बेकरीच्या ट्रेचे आवाज. मग, "तुम्ही तर ओळखता म्हणालात." एवढंच. फोन ठेवला.

बुध. १२ ऑगस्ट

पत्र लिहिलं. भाषांतर नाही, पत्र. मुलाने सही केली नसेल तर करू देऊ नका. केली असेल तर 'मागे घेतो' असं आजच लिहून द्यायला सांगा, पोच घ्यायला सांगा. विद्यार्थी संघटनेकडे वकील आहे, फुकट. व्हिसासाठी दुसरा प्रवेश दाखवायला चार आठवडे आहेत, घाबरू नका, पण वाटही बघत बसू नका. माझ्या माहितीपत्रकावर विसंबून ज्यांनी मुलं पाठवली त्यांचा मी अपराधी आहे.

ऑफिसात मराठी कुणाला येत नाही. दुभाष्याच्या हातात एवढंच असतं. माझ्या दुभाष्याच्याही होतं. वापरलं नाही त्याने. की वापरलं, आणि ते कागदात आलं नाही? पुरावा काय?

गुरु. १३ ऑगस्ट

पत्रं ऑफिसातला मनप्रीत कुरियरच्या पाकिटांत घालतो. पंजाबी मजकूर त्याचा. तो ज्युलीच्या इंग्रजीवरून तसाच्या तसा उतरवलेला. माझं पत्र हातात घेऊन सावकाश वाचत होता. लिपी हिंदीचीच.

"भाई, तेरी वो वाली लाइन नहीं है इसमें।"

"नाही."

"और 'वकील' है।"

मी पाकिटांचा गठ्ठा सरळ केला.

"मुझे मराठी नहीं आती," म्हणाला, आणि पाकीट चिकटवलं. पुढचं घेतलं. जरा वेळाने: "पंजाबी वाली तो कल ही चली गई। पहले बताता ना, यार।"

तीही मुलं माझ्याच हिशोबात. मला फक्त आपली दिसली.

सोम. १७ ऑगस्ट

सांगलीहून दोन फोन. दोघे भांडले. बरं वाटलं. केतकीच्या वडिलांचाही आला, ते भांडले नाहीत. "सर, तुम्ही मोठ्या मनाने लिहिलंत," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर

रूथ: ऑफिसकडून तुझ्याबद्दल विचारणा आलीये, काय केलंस? सांगितलं. ती म्हणाली, "हे तुझं काम नव्हतं." माहितीपत्रक माझं काम होतं, तेव्हा कुणी विचारलं नाही.

बुध. १९ ऑगस्ट

माझी मुदतवाढ तीनला. केतकीची भेट अडीचला, त्याच ऑफिसात, त्याच खोलीत. सही मागे घेतल्याचं पत्र तिने स्वतः लिहिलंय, पोच घेतलीये. बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो होतो. खिडकीतून पोर्ट केम्ब्लाच्या कारखान्याच्या चिमण्या, धूर समुद्राकडे आडवा.

म्हणालो, "मी आत येतो. चूक माझी होती हे मीच सांगतो. तुझं इंग्रजी अडलं तर मी"

"नको."

"अगं, ते लोक भरभर बोलतात."

"मग मी पुन्हा बोला म्हणेन." तिने फाइल छातीशी धरली. "दादा, राग मानू नका. तुम्ही मध्ये असलात की ते तुमच्याकडेच बघून बोलतात."

ज्युलीने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघून हसली. केतकी उठली, दोघींच्या मध्ये मी होतो, मी पाय मागे घेतले. ती आत गेली. दार तिनेच लावलं.

दोन वाजून पन्नास मिनिटं. आतून आवाज येतोय तिचा. शब्द कळत नाहीत.