ग्रहणामुळे नाही, धनू

सुपा,
१ मार्च २०२६

प्रिय धनू,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. राजूरला अजून सकाळी गारठा असेल, पायात मोजे घालत जा. फोन असताना ताईला पत्राचं काय खूळ, म्हणशील. तुझा फोन सासूबाईंच्या देखत होतो, म्हणून अमृतच्या हाती देतेय. आपला भाऊ आहे, फोडून वाचणार नाही.

परवा ग्रहण. तू पाळशीलच. पाळ, पण तहान लागली तर खुशाल पाणी पी.

माझ्या पार्थच्या डोक्यातलं पाणी काढायला नळी बसवली, ती नीट चालतेय. अंगठे मात्र तळहातात मिटलेलेच. आमच्या सासूबाईंचं एकच, "गिरानात पानी पेलीस, मंग आसंच व्हनार!" खरं सांगू? मला ते बरंच वाटायचं. पाणी मी प्यायले, म्हणजे दोष माझ्यापाशीच संपला.

तसं नाहीये, धनू. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बाळाच्या मेंदूतले तंतू वाढताना शेजारच्या पेशींना धरत धरत पुढे सरकतात, कारल्याचा वेल मांडवाला धरतो तसे. ते धरणं पेशींवरच्या चिकट प्रथिनांमुळे जमतं. पार्थमध्ये त्यातलं एक नीट बनत नाही, म्हणून तंतू वाट चुकले. ही खोट आईकडून येते. आईला सहसा काही होत नाही, मुलग्यांना भोवते. माझ्या रक्तात ती सापडली. आपल्या आईचा धाकटा भाऊ पाळण्यातच गेला, त्याचंही डोकं असंच वाढलं होतं म्हणे.

म्हणजे तुझ्यातही असू शकते. नसेलही. रिपोर्ट येऊन बरेच दिवस झाले. रोज फोन लावते, काय खावंसं वाटतं ते विचारते आणि ठेवून देते. तुला तिसरा महिना सरत आला.

पार्थ हसला की मला दुसरं कुठलंच बाळ नको असतं. तरी तुला काही न कळता हे तुझ्या पुढ्यात येऊन पडावं, हे मला सोसवणार नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. अमृतला फक्त तुला आणायला सांगितलंय, तो गाडीपाशी थांबेल. उद्या सकाळी पुण्याला तुझी तपासणी आहे, आधी नुसतं रक्त काढतात. घरात 'ताईनं बोलावलंय' एवढंच सांग. पुढचं तू आणि हनुमंतराव ठरवा, मी मधे एक शब्द बोलणार नाही. माझ्यावर चिडायचं तर गाडीत बसून चीड. आधी चप्पल घाल आणि नीघ.

तू येईपर्यंत दारातून न हलणारी,
तुझी ताई