बिरजूचा दंड आणि पेटीतली पोरगी

चि. अंकुश यास तुझ्या आजीचा, म्हणजे बुधरीचा, सेवा जोहार. तुझी तब्येत ठीक असेल, तिकडं मूल गावात जेवण वेळेवर होत असेल, आणि ज्या दवाखान्यात तू नोकरी करतोस तिथल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यांले तू नीट उचलून बसवत असशील, असं धरून चालते. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ म्हणतोस अन् फोन ठेवून देतोस. कागद असा बोलता बोलता बंद करता येत नाई, म्हणून हे पत्र. लिहून राह्यली तुझी बायको करिश्मा. माझ्या बोलीले ती शाळेत घालून कागदावर उतरवते. तू त्या बोलीले परत घरी आणून वाच.

तुझी पोरगी अजून इथं दवाखान्यात काचेच्या पेटीतच आहे. दिवस भरायच्या आधी आली (घाई बापावर गेली. हे वाक्य करिश्मा लिहायले तयार नव्हती, मी म्हटलं, नवरा तुझा असला तरी नातू माझा आहे, लिही). आपल्या घरचा कोंबडा तिच्याहून जड भरेल. इथं शाजिया सिस्टर म्हणून मोठी नर्स आहे, जिभेची तिखट, हाताची मऊ. तिनं सांगितलं का दवाखान्यातल्या लोकांसाठी फ्लूची सुई आली आहे. एवढ्याशा लेकरांले ती टोचता येत नाई, सहा महिन्यांचं व्हावं लागते. म्हणून त्यांच्याजवळ जाणाऱ्यानं घ्यायची. मले लगेच समजलं. धान काही स्वतः उठून रानडुकराले हाकलत नाई, कुंपण आपल्यालेच घालावं लागते. आणि डुक्कर घुसते ते नेहमी ‘उद्या बांधतो’ म्हटलेल्या जागेतून.

इथली ती जागा म्हणजे मंडईचं, दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक. वॉर्डातले अर्धे कामगार त्या नाटकात आहे. सुई घेतली, ताप आला, आवाज बसला तर मंडईत तोंड कसं दाखवायचं? म्हणून सगळ्या नटांनी ठरवलं, सुई नाटक झाल्यावर. त्यांच्यात पुढं होता बिरजू, पेटीच्या खोलीत फरशी पुसणारा. तो नाटकात खलनायक असते. (माणूस वाईट नाई. पण मिशीले तेल लावते तेव्हा भरवसा वाटत नाई.)

सिस्टरले शंभर कामं. मग मीच खोलीच्या दारात बसली. मले वाचता येत नाई, तर कोणाचं कार्ड पाहून काय करू? मी दुसरी युक्ती काढली. येईल त्याचा डावा दंड दाबायचा. ‘आई गं’ म्हटलं तर सुई घेतली, जा आत. हसला तर बाहेर. चांगली चालली माझी युक्ती. एका उंच माणसाचा दंड मी दोनदा दाबला, तो नुसता पाहत राह्यला. मी त्याले दारातच अडवलं. तो मोठा डॉक्टर निघाला. त्यानं मागच्या महिन्यातच सुई घेतली होती, दुखणं कधीच गेलं होतं. सिस्टर धावत आली, माझ्याकडे असं पाहिलं का मी पदर सावरला.

तेवढ्यात बिरजू बादली घेऊन आला. मी दंडाले बोट लावलं न लावलं तोच तो असा विव्हळला, डोळ्यात पाणी, गुडघे वाकलेले, का माझंच काळीज हललं. म्हटलं, जा बापा, सावकाश पूस. डॉक्टरले बाहेर ठेवून मी बिरजूले आत सोडलं, अंकुश. झाडीपट्टीच्या नाटकांतला नट तो! माझ्या बोटाले काय कळते त्याचा अभिनय?

परवा बिरजू तापानं फणफणला, फ्लूच निघाला. अन् काल सकाळी पोरीनं दूध सोडलं. छाती अशी वरखाली, चिमणीसारखी. सिस्टरनं नाकात बारीक नळी घातली, नाकातलंच पाणी तपासायले पाठवलं, आणि आमच्याशी बोलणं कमी केलं. तिखट बाई गप्प झाली म्हणजे समजून जा. करिश्मा टाके सांभाळत भिंतीले धरून उभी. मी काचेजवळ गेली नाई. हे बोट घेऊन कोणत्या तोंडानं जाऊ पोरीसमोर? बिरजू पलीकडच्या वॉर्डातून निरोप पाठवून राह्यला का माफ करा, मंडई गेली तर गेली, लेकरू वाचू द्या. मी उत्तर पाठवलं नाई. अजून नाई पाठवलं.

बाकी इकडं थंडी आहे. मोठ्यांले जोहार, लहानांले मुका. तुझी आजी, बुधरी. (अंगठा करिश्मानं लावू दिला नाई, म्हणते कागद खराब होते.)

ता. क. पत्र बंद करता करता रिपोर्ट आला. फ्लू नाई. साधाच त्रास आहे, उतरेल म्हणते. आत्ता थोडं दूध घेतलं. सिस्टर करिश्मावर ओरडली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

आणखी ता. क. मग सिस्टर माझ्याकडे वळली, म्हणते, दिवसभर दारात कोण बसते? आजी, तुम्ही घेतली का सुई? मले कोणी विचारलंच नव्हतं. घेतली. दंड लय दुखते, म्हणून पत्र दुसऱ्याच्या हातानं लिहिलं. (दंड धड असता तरी लिहिता आलं नसतं, ती गोष्ट वेगळी.)

शेवटचं ता. क. यासाठीच सगळं पत्र. मंगळवारी तू करिश्माले फोनवर म्हटलं, सुई घेतली, लय दुखलं गं. तुमच्या मंडळाचंही मंडईत नाटक आहे न तू त्यात आहेस, हे मले माहीत आहे. तुझ्या त्या ‘लय दुखलं’मध्ये मले बिरजू ऐकू आला. घेतली नसेल तर आज घे. अंगात मुरायले दोन आठवडे लागते म्हणते सिस्टर. तेवढे दिवस पोरीपासून लांब राह्य, मग ये. रागावत नाई, तुले विनंती करून राह्यली. पोरगी झोपेत मूठ उघडते, मिटते. करिश्मा म्हणते, बाप येईपर्यंत नाव ठेवायचं नाई.