फेल झाल्याशिवाय कॅप्सूल नाही

३ मार्च, सोमवार

नाही दिली! अर्धा तास रांगेत उभी राहिले आणि फार्मसीतली बाई स्क्रीनकडे बघत म्हणते, "युअर प्लॅन वोंट कव्हर धिस." बाटली तिच्या मागच्या शेल्फवर. मला दिसत होती!

धर्मराजचा जॉब जानेवारीत गेला. फेब्रुवारीअखेर कंपनीचा इन्शुरन्स गेला. मीरा आता स्टेटच्या सरकारी इन्शुरन्स प्लॅनवर. चौदा वर्षांची पोर, एडीएचडी, लक्ष एका जागी टिकत नाही. गेली तीन वर्षं एकच कॅप्सूल चालू आहे — सकाळी सातला घेतली की संध्याकाळपर्यंत डोकं जागेवर. आता प्लॅन म्हणतो ही लाँग-अ‍ॅक्टिंग आहे, अशी नाही मिळायची. आधी चार-चार तासांच्या साध्या गोळ्या घ्या. त्यांनी जमलं नाही तर मग बघू.

म्हणजे पोरगी आधी फेल झाली पाहिजे! बरं चाललेलं काहून मोडायचं? कोणत्या गाढवाने लिहिला हा नियम?

४ मार्च

प्लॅनला फोन. बावन्न मिनिटं तीच ती ट्यून. शेवटी कुणी टिफनी. "आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन, मॅम." घंटा कळतंय तुला.

मीराचे डॉक्टर कोवाल्स्की म्हणतात, आधीच्या तीन वर्षांचे सगळे कागद पाठवले. प्लॅनला ते चालत नाहीत. महिनाभर गोळ्या देऊन दाखवाव्याच लागतील. हे पण किती शांतपणे सांगतात! सगळे शांत. मी एकटीच वेडी.

७ मार्च, शुक्रवार

गोळ्या परवापासून सुरू. सकाळची घरी, दुपारची शाळेत नर्सकडे, तिसरी घरी आल्यावर. दुपारच्या गोळीसाठी वर्गात स्पीकरवर नाव पुकारतात — मीरा गजभिये, नर्सच्या ऑफिसमध्ये ये. सगळा वर्ग माना वळवून बघतो.

आज गेलीच नाही. "आय'म नॉट गोइंग, आई. एव्हरीवन नोज व्हाय." मी तिच्यावर ओरडले. मग नर्सला फोन करून तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, स्कूल पॉलिसी आहे. पॉलिसी! या देशात माणसं कमी आणि पॉलिसीच जास्त.

१४ मार्च

जेवणानंतर मॅथ्सची टेस्ट होती. कागदाला मागची बाजू आहे हेच हिला दिसलं नाही. अर्धा पेपर कोरा. जॅकेट बसमध्ये राहिलं. या महिन्यातलं दुसरं.

धर्मराज म्हणतो, "थोड्या दिवसांचं आहे, धीर धर." हा स्वतः सकाळपासून लॅपटॉपसमोर बसून कंपन्यांना अर्ज टाकतोय, उत्तर कुणाचं येत नाही, आणि धीर मी धरायचा! आग लागो त्या धीराला.

१६ मार्च, रविवार

मैत्रिणीकडे, रेणूकडे, एडिसनला जेवायला. तिच्या मुलीचं व्हायोलिन ऐकावं लागलं. संपेचना. मग रेणू विचारते, "मीरा काय म्हणते?" म्हटलं, एकदम मस्त, स्कूल झकास चाललंय.

गाडीत मीरा खिडकीबाहेर बघत बसली. पार्सिपनीला घरी पोचेपर्यंत तशीच.

१९ मार्च

प्लॅनमधून कुणा बाईचा फोन, मुलगी कशी आहे म्हणून. गोड आवाज. मी कुकर लावत होते. दोन मिनिटांत कटवली.

२८ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. नामंजूर!!

कारण काय, तर पालकांनी सांगितल्याप्रमाणे मुलीची सध्याच्या औषधावर उत्तम प्रगती आहे, सबब कॅप्सूलची गरज नाही. उत्तम प्रगती! आणि कोणत्या पालकांनी सांगितलं?

धर्मराजला धरलं. "तू काही बोललास का यांच्याशी?" तो शपथा घ्यायला लागला. मग डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टला इतकं सुनावलं की तिने फोन ठेवून दिला. शाळेच्या नर्सला लांबलचक ईमेल लिहिला. तिचंच काम असणार. स्पीकरवर नावं पुकारणारी बया, तिला काय, गोळी गिळली की झालं. पाठवूनही टाकला.

१ एप्रिल

त्यांच्याकडची फाईल मागवली होती. आली.

तारीख १९ मार्च, संध्याकाळी सहा दहा. माहिती देणार — मदर. "डूइंग व्हेरी वेल. ग्रेड्स ऑल ए. नो प्रॉब्लेम अ‍ॅट ऑल."

मी बोलले हे. मीच!

तीनदा वाचलं. शब्द माझेच, ते "अ‍ॅट ऑल" पण माझंच. त्या बाईने आडून काही विचारलं नाही, फसवलं नाही. सरळ विचारलं, मुलगी कशी आहे, औषधाचा काही त्रास? आणि माझं तोंड आपोआप चालू झालं. ऑल ए! टेस्टमध्ये अर्धा कागद कोरा ठेवून आलेली पोरगी, आणि म्हणे ऑल ए!

नागपूरला शाळेत गुरुजी विचारायचे, घरी सगळं ठीक ना? घरात काहीही चाललेलं असो, बाबांचं उत्तर एकच — "एकदम ठीक, सर." आम्हाला बजावायचे, बाहेरच्यासमोर आपलं पोर कमी आहे असं तोंडातून काढायचं नाही, ते वाटच बघत असतात. बाबांचं काही चुकलं नव्हतं. लोक जातीवर कसे जातात ते त्यांनी बघितलं होतं. मी ते उचलून इथवर आणलं आणि प्लॅनच्या फाईलमध्ये ओतलं.

धर्मराजला दाखवलं. आधी हसला. मग माझं तोंड बघून चहा करून आणला. तो प्यायले नाही. लाज वाटते. फार लाज वाटते.

नर्सची माफी मागायला पाहिजे. बघू.

४ एप्रिल

अपील टाकलं. सुनावणी फोनवर, २३ तारखेला दुपारी एक वाजता. प्लॅनचे दोन डॉक्टर ऐकणार.

डॉ. कोवाल्स्कींनी ताकीद दिली — "मिसेस गजभिये, या वेळी मुलीची तारीफ नको. तिचा सगळ्यात वाईट दिवस सांगा. मग दुसरा वाईट दिवस सांगा." वही काढली आहे. रोज लिहून ठेवतेय. भांडायचंच असेल तर मला कुणी शिकवायला नको.

१३ एप्रिल, रविवार

आज मंडळाच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम. मीराने भाषण स्वतः लिहिलं होतं, मराठीत, इंग्रजी अक्षरांत. महिनाभर आरशासमोर म्हणत होती. तिचा नंबर पाच वाजता होता. सूत्रसंचालन करणारे काका बोलत सुटले. मीरा स्टेजवर गेली तेव्हा पावणेसात झाले होते. गोळीचा असर उतरलेला.

दोन वाक्यं नीट गेली. मग तिसरं आठवेना. कागदाकडे बघत राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, प्रोत्साहन म्हणून. तेवढ्यात ती माईक तसाच सोडून खाली उतरली आणि सरळ पार्किंगमध्ये गेली.

गाडीत मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. म्हणाली, "आई, हे कुणाला सांगू नको. कुणालाच. प्रॉमिस?"

प्रॉमिस म्हटलं. तिने हात दिला, मी धरला. लहानपणी धरायची तसा माझा अंगठाच धरून बसली.

त्या प्लॅनवाल्यांचं वाटोळं होवो.

२३ एप्रिल, बुधवार

झाली सुनावणी!

फोन स्पीकरवर टाकला, डायनिंग टेबलवर वही उघडून बसले. धर्मराज इंटरव्ह्यूला गेलेला, घरात शांतता. समोरचा डॉक्टर म्हणाला, थोडक्यात सांगा. थोडक्यात! वीस मिनिटं बोलले. एकदाही आवाज चढवला नाही, हे मला स्वतःला खरं वाटत नाही.

सगळं सांगितलं. टेस्टचा कोरा कागद. दोन जॅकेटं. ओट्यावर गॅस चालू ठेवून अंघोळीला गेली ते. नखं रक्त येईपर्यंत खाते ते. आता कुठल्याच मैत्रिणीचा फोन येत नाही ते. एवढीशी गोष्ट सांगितली तर दारापर्यंत जाईस्तोवर विसरते, घरात हिच्यावर काही सोपवता येत नाही, हेही म्हटलं. जयंतीच्या भाषणाचं पण सांगितलं. प्रॉमिस केलं होतं, माहिती आहे. पण ऐकणारे कोण, दोन अनोळखी डॉक्टर. ते सांगताच पलीकडे दोघं एकदम गप्प झाले. तेव्हाच मला कळलं, लागलं बरोबर!

आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड कामाला आलं.

चार वाजता मीरा खाली आली. खायला काही देऊ का विचारलं. नको म्हणाली.

२५ एप्रिल, शुक्रवार

मंजूर!!! एक वर्षासाठी! टिफनीनेच कळवलं, "काँग्रॅच्युलेशन्स, मॅम." तिलाही थँक्यू म्हणून टाकलं. फार्मसीतून बाटली घेऊन आले. धर्मराजने मला चक्क मिठी मारली. नर्सला माफीचा ईमेलही लिहिला. दोनच ओळी, पण लिहिला.

२६ एप्रिल, शनिवार

बुधवारी शाळा साडेबाराला सुटली होती. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं, मी बघितलं नाही. मागच्या दाराने आली असणार. सुनावणीभर ती वर तिच्या खोलीत होती.

आज सकाळी तिने कॅप्सूल घेतली, ग्लास विसळून ठेवला. मग म्हणाली, "यू डिडंट पॉज इव्हन वन्स, मॉम. एवढं सगळं पाठ होतं तुला?"

वही तर मी उघडून नुसती समोर ठेवली होती. एकदाही बघावी लागली नाही.