डेल्मरच्या हातची गाठ

प्रिय डेल्मर,

तुला आणि तुझ्या लेकीला, कोरिनला, आम्हा दोघांचा नमस्कार. गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हात सांधे मोकळे होतात असं आर्डिस म्हणते (भावाच्या बाबतीत तिचा सगळ्यावर विश्वास बसतो, नवऱ्याच्या बाबतीत थर्मामीटरवरही बसत नाही). इकडे ठीक. थंडी बेताची आहे, म्हणजे गाडी सुरू होते, पण मनापासून होत नाही. तळ्याकाठचं घर विकायला काढल्याचं तुझं पत्र पोचलं. चांगला निर्णय आहे. एकट्या माणसाने लेकीजवळ राहावं, हे मीही कुणालाही सांगेन. त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी फक्त मासेमारीची खबर द्यायला बसलोय.

खबर अशी की मासे आहेत, माझ्याकडे येत नाहीत एवढंच. इतकी वर्षं बर्फावरच्या खोपटीत तू जिग बांधायचास आणि मी स्टोव्ह पेटवायचो. मी याला कामाची वाटणी समजत होतो. आता कळतं की स्टोव्ह कुणीही पेटवतं. जिग म्हणजे अर्ध्या वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, त्याला गळ, आणि डोक्यावर एवढुसं नेढं, ज्यातून केसासारखा तंगूस ओवायचा. हातमोजे घातले तर तंगूस जाणवत नाही, काढले तर बोटं जाणवत नाहीत. श्वासाने चष्म्यावर धुकं धरतं ते वेगळंच. एकदा मात्र अशी काही गाठ जमली की तू पाठ थोपटली असतीस. दोनदा ओवला, वेढे घेतले, थुंकी लावून हळूहळू ओढला, उरलेलं टोक दाताने तोडलं आणि ऐटीत उभा राहिलो, तर गळाची काठी माझ्या छातीला लोंबकळत माझ्याबरोबर उठली. गाठ कोटाच्या झिपेच्या भोकात बसली होती. (जिग तोवर मांडीवरून घरंगळून बर्फात पाडलेल्या भोकातून तळ्याच्या तळाशी गेला होता.) ती गाठ सुटेना म्हणून शेवटी कापावी लागली. झिपेला तंगुसाची शेपटी अजून आहे. चर्चमध्ये लोक बघतात.

ज्या गाठी जिगवरच बसतात त्यांचंही काही खरं नाही. तू बांधलेला जिग पाण्यात कसा आडवा, सरळ तरंगायचा, आणि मासा लागून गेला की गाठ परत नेढ्याच्या वर सरकवायला तू कधी विसरायचा नाहीस. माझी गाठ पुढे घसरते आणि जिग मान टाकून लोंबतो. परवा भोकावर पालथा पडून मी आत बघत होतो. एक चांगला हातभर रुंद सनफिश (बरं, अर्धा हात) आला, जिगसमोर थांबला, त्याने त्याला नीट पाहिलं आणि निघून गेला. मला त्याचा राग नाही आला. मीही खाल्ला नसता.

तू जाताना डबीत काही जिग तंगुसाच्या तुकड्यांना बांधून ठेवले होतेस, मला नुसता तुकडा काठीच्या तंगुसाला जोडायचा होता. त्यावरच हिवाळा चालला होता. एकेक गेला. शेवटचा मी वापरणारच नव्हतो, पण शनिवारी मोह झाला आणि त्यावर छोट्या क्रॅपी माशाऐवजी धारदार दातांचा नॉर्दर्न पाइक आला. दाताने तंगूस कापून घेऊनच गेला. त्या गाढवाला काय ठाऊक ती गाठ कुणाच्या हातची होती. घरी आल्यावर मी आर्डिसला सांगितलं, डोळ्यांत वारा गेला. बंद खोपटीत वारा नसतो हे तिला माहीत आहे, पण तिने ताटात बटाट्याची गरम हॉटडिश जरा जास्त वाढली.

खरं तर हे सगळं ऑक्टोबरातच टळलं असतं. आपण धक्क्यावर होड्या वर ओढत होतो. तू म्हणालास, "यंदा इथंच राहिलो तरी चालेल म्हणा." मी म्हणालो, "छे रे, माझ्यासाठी कशाला." थोड्या वेळाने तू दोर गुंडाळता गुंडाळता म्हणालास, "कोरिनला काय, समजावता येईल." मी म्हणालो, "नको बाबा, पोरीला वाईट वाटेल." आता तूच सांग, यात माझं काय चुकलं? आपल्याकडे कुणी पाव पुढे केला तरी माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. पहिल्यांदाच घेणारा हावरट ठरतो. मी तिसऱ्याची वाट बघत होतो. हो म्हणायला तोंड उघडूनच ठेवलं होतं. तेवढ्यात वर रस्त्यावरून कोरिनने गाडीचा भोंगा वाजवला, तू म्हणालास, "बरं तर," आणि मीही म्हणालो, "बरं तर." त्या भोंग्याचं मला फार वाईट वाटतं, डेल्मर. तुझ्या घराच्या खिडक्या अंधारात असतात आणि मी सवयीने संध्याकाळी तिकडे बघतो.

असो. तिकडे फार कोरडं असतं म्हणे, पाणी पीत जा.

तुझा मेव्हणा,
व्हर्लिन

ता. क. उन्हात बसल्या बसल्या हाताला काही काम नसेल तर थोडे जिग बांधून पाठव. त्रास होणार असेल तर राहू दे.

पुन्हा ता. क. दलालाने मिनियापोलिसहून एक जोडपं घर बघायला आणलं होतं. मी होऊन काही बोललो नाही. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं की वसंतात तळघरात पाणी येतं (एकदा आलं होतं), तळ्यावरचा बर्फ रात्रभर कण्हतो, आणि शेजारचा म्हातारा उजाडायच्या आत बर्फ उपसायचं यंत्र सुरू करतो. तो म्हातारा कोण असं बाईंनी विचारलं तेव्हा मी आमच्या घराकडे बोट दाखवलं. ते परत आले नाहीत. त्याबद्दल मला खेद आहे, असं आर्डिसने लिहायला लावलंय.

शेवटचं ता. क. आर्डिसने पत्र वाचलं. म्हणते, एवढी पानं भरलीस आणि मुद्दा लिहिलाच नाहीस. मुद्दा असा: घर विकू नकोस. परत ये. (हे खोडायला मी पेन घेतलं होतं, पण पाकीट तिच्या हातात आहे आणि तिने टपालपेटीकडे जायला बर्फातले ओव्हरशूज घातलेत.)