एका दाण्याचाही फरक नाही

लुइसटाउन, मोंटाना
२४ सप्टेंबर १९६१

चि. सौ. इंगा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बर्टाचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरायला लागलेत, पण तिची जीभ शाबूत आहे. आमच्या शेजारचा एमिल गुरं घेऊन तुमच्याकडे येतोय, त्याच्याबरोबर काडतुसांचं एक खोकं पाठवलंय. या वर्षीच्या शिकारीत एल्क हरीण तू माझ्या काडतुसानं मारायचंस.

तू अजून बाबांचंच माप वापरतेस ना? जुन्या काडतुसाला तारेची दांडी लावलेलं? त्यात बंदुकीची दारू भरायची, पत्त्यांतल्या राणीनं वर सपाट करायची आणि देवाचं नाव घ्यायचं. अगं, तशी साखर मोजतात. मी प्रत्येक काडतुसाची दारू काट्यावर तोललीय. शेवटचे दाणे चिमट्यानं एकेक करून टाकले. काटा रेघेवर येईपर्यंत बर्टाला दार उघडायची मनाई होती, कारण वाऱ्याच्या झुळकेनंही तो हलतो. ती म्हणाली, एवढी काळजी लग्नाच्या अंगठीच्या मापाची घेतली असतीस तर ती माझ्या बोटात बसली असती. बोलू दे. वीसच्या वीस काडतुसांत एका दाण्याचाही फरक नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

क्लेमला नमस्कार. पत्र टाक, आळस करू नकोस.

तुझा,
हाल्वरदादा


शोटोजवळ, रँचवरून
२ ऑक्टोबर

ति. दादास,
इंगाचा शि. सा. नमस्कार.

खोकं मिळालं. क्लेमनं ते उघडून पाहिलं आणि म्हणाला, एल्कला आधी आंघोळ घालावी लागेल, असल्या काडतुसानं मरायचं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. पण हसला तरी खोकं फडताळात वरच्या फळीवर त्यानंच जपून ठेवलं. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आमच्या खोऱ्यात कोणी बंदुकीत घालत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या काडतुसांना मात्र ती अट नाही.

नोव्हेंबरातल्या तुझ्या वर्गाची सभागृहाच्या दारावर पाटी लागली: दारू अचूक कशी मोजावी, शिकवणार हाल्वर रुस्टाड. शेजारपाजारच्या सगळ्या घरांतून नावं आलीत. म्हातारी ओलीना स्टेनरूड तर विणकाम घेऊन येणार आहे. माझा दादा म्हणून मी जरा ताठ मानेनं फिरते आहे, हसू नकोस.

बर्टावहिनीला सांग, गुडघ्यांना लोकरीचं गुंडाळ. माया असू दे.

तुझी,
इंगा


लुइसटाउन
८ ऑक्टोबर

चि. सौ. इंगास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. काल इथे पहिलं बर्फ भुरभुरलं. बर्टानं बटाट्याच्या पोळ्या केल्या होत्या, तुझी आठवण निघाली.

हो, एक राहिलं. ती काडतुसं तू सध्या बाजूलाच ठेव. मोजमाप पुन्हा पाहताना मला थोडं असमाधान वाटलं. विशेष काही नाही, पण मनासारखं झालं नाही म्हणजे नाही. नवीन भरून पाठवतो. तोवर तुझी तूच वापर, बाबांच्या मापाची. ती काही वाईट नसतात.

एमिलचा बैल विकला गेला का? वर्गाचं अजून नक्की नाही, घसा बसलाय.

तुझा,
हाल्वरदादा


रँचवरून
१४ ऑक्टोबर

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं आणि क्लेमला ठसका लागला. त्याचं म्हणणं, दादाला रात्री आठवलं असेल की सातव्या काडतुसात एक दाणा जरा बारीक होता. मी तुझी बाजू घेतली, पण मलाही हसू आवरलं नाही. तू बाबांच्या मापाला बरं म्हणालास, तेव्हाच ओळखलं की तुझा घसा खरंच बिघडलाय.

दादा, एल्क काही काटा घेऊन येत नाही. तुला जे असमाधान वाटतं, त्यात माझ्यासारखीचा जन्म आनंदात जाईल. पुढच्या रविवारी मोसम उघडतो आणि मी तुझीच काडतुसं नेणार आहे. आता अडवू नकोस.

वहिनीला नमस्कार. अशीच काळजी करत राहा.

तुझी,
इंगा


ग्रेट फॉल्स, इस्पितळातून
२६ ऑक्टोबर

श्री. हाल्वर रुस्टाड यांस,
स. न. वि. वि.

इंगाला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो आहे. रविवारी पहिल्याच गोळीला रायफल तिच्या तोंडाजवळ फुटली. उजवा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं राहतील की नाही, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. जीव वाचला.

उरलेली काडतुसं मी इथल्या एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यानं ती उघडून दारू काट्यावर घातली. इतकं सारखं मोजलेलं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, एका दाण्याचाही फरक नाही म्हणाला. मग त्यानं दारू पांढऱ्या कागदावर पसरली आणि आपल्या डब्यातली हळू जळणारी शेजारी ठेवली. तुम्ही तोललेलं वजन हळू जळणाऱ्या दारूसाठीचं आहे. काडतुसांत भरलेली दारू मात्र झटकन जळणारी आहे. तेवढ्या वजनाची झटकन जळणारी दारू त्या रायफलला सोसणारीच नव्हती.

मला एकच विचारायचं आहे. तुमचं आठ तारखेचं पत्र मी दहादा वाचलं. त्यावर मी हसलो, ते मला जन्मभर पुरेल. आणि आदल्या शुक्रवारी तुमचा फोन आला होता. इंगा म्हणाली, दादानं बर्फाचं विचारलं आणि ठेवून दिला. तुम्हाला माहीत होतं का?

आपला,
क्लेम ड्यूफ्रेन


लुइसटाउन
२९ ऑक्टोबर

क्लेम,

माहीत होतं.

सात तारखेला नवी काडतुसं भरायला बसलो, तर हळू जळणाऱ्या दारूच्या डब्याचं सील जसंच्या तसं होतं. मी तो उघडलाच नव्हता. शेजारचा डबा अर्धा झाला होता. दोन्ही डबे एकाच रंगाचे, पण चिठ्ठी मोठ्या अक्षरांत आहे, आंधळ्यालाही वाचता यावी. माझं सगळं लक्ष काट्याच्या रेघेवर. दाणे मोजत बसलो आणि डबा वाचला नाही.

तेव्हाच फोन करायचा होता. बर्टानं दोनदा सांगितलं. पण तुमच्या खोऱ्यात सगळ्या घरांना मिळून एकच तार. घंटी वाजली की सगळे उचलून ऐकतात. हाल्वर रुस्टाडनं डबा वाचला नाही, हे संध्याकाळपर्यंत वर्गाला नाव दिलेल्या प्रत्येकाला कळलं असतं. म्हणून पत्र लिहिलं, आणि पत्रातही खरं लिहिता आलं नाही. असमाधान म्हणे.

इंगाचं उत्तर आल्यावर मात्र राहवलं नाही. शुक्रवारी फोन लावला. तिनं हॅलो म्हटलं आणि मागून एकेक खटका ऐकू आला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिक करत होतं. शब्द ओठांवर आले होते. मी विचारलं, बर्फ किती पडलंय. ती म्हणाली, घोट्याइतकं. मी ठेवून दिला. मनाला समजावलं की पत्र वाचून ती ऐकेलच. ती ऐकणार नाही हे तिच्याच पत्रात लिहिलं होतं.

बर्टा माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं. मला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून इस्पितळात आलो नाही, आणि आलो नाही याचीही लाज वाटते. लोभ असावा असं लिहायचा मला हक्क नाही.

हाल्वर


रँचवरून
१७ डिसेंबर

ति. दादास,
इंगाचा नमस्कार.

डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. बोटं वाचली, वाकत नाहीत. अंतराचा अंदाज येत नाही, कॉफी कपाबाहेर ओतते. क्लेम टेबल पुसतो.

क्लेमनं मला तुझं पत्र वाचून दाखवलं. डब्याचं मी समजू शकते. डबा कुणाचाही चुकतो. माझा राग शुक्रवारचा आहे, आणि तो खूप आहे. तू मला बर्फाचं विचारलंस दादा.

आता तुला एक सांगते. त्या रविवारी क्लेमनं डॉक्टरसाठी फोन उचलला तेव्हा तारेवर तिघी-चौघी बोलत होत्या. इंगाचा चेहरा, एवढंच त्याच्या तोंडून निघालं. एका क्षणात सगळ्यांनी फोन ठेवले, तार मोकळी केली. डॉक्टर निघायच्या आधी ओलीना स्टेनरूडची गाडी आमच्या अंगणात होती. ग्रेट फॉल्सपर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. ते घड्याळ तिचंच. तू ज्यांना लाजलास ती माणसं ही. तू शुक्रवारी खरं बोलला असतास तर त्या जरा हसल्या असत्या, आणि शनिवारी सकाळी येऊन फडताळातलं खोकं घेऊन गेल्या असत्या.

पत्रातून माफी मागू नकोस, मला पत्र नको. नाताळच्या दिवशी दुपारी फोन कर, सगळे घरी असतील. सगळ्यांचे खटके वाजू देत, आणि मग मला सांग की इंगा, ती काडतुसं वापरू नकोस, मी चुकीची दारू भरली. उपयोग नाही, मला माहीत आहे. तरी तू म्हण. मी ऐकते.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, माझ्यासाठी तरी दादाशी बोल.

तुझीच,
इंगा